नव्या ले-आऊटमधील बगीचा, झाडे आणि कुंपणभिंत : नियम काय सांगतात?

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूर गावात प्लॉट पाहायला जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती सर्वप्रथम येतो तो रंगीत नकाशा. त्यावर रस्ते करड्या रंगात, प्लॉट पिवळ्या रंगात आणि एका कोपऱ्यात हिरवा चौकोन असतो. चौकोनावर ‘बगीचा’ असे लिहिलेले असते आणि तो पाहूनच अनेकांचा निर्णय पक्का होतो. काल-परवापर्यंत जेथे धानाच्या बांध्या होत्या, तेथे उद्या मुले खेळतील, संध्याकाळी वडीलधाऱ्यांना बसायला बाक असेल, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र छापील नकाशातील हा हिरवा चौकोन मंजूर अभिन्यासात आहे काय, असल्यास तेवढाच आहे काय आणि सर्व प्लॉट विकले गेल्यानंतर त्याचा वाली कोण, हे प्रश्न खरेदीखत नोंदवण्यापूर्वी क्वचितच विचारले जातात.

नव्या वसाहतीतील खुली जागा, वृक्षलागवड, कुंपण आणि बांधकामाभोवतीचा आडोसा हे विषय बांधकाम व्यावसायिकाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. त्यांच्यासाठी नियम आहेत. परंतु ते एका ठिकाणी नाहीत. काही नगररचनेच्या नियमावलीत आहेत, काही वृक्षविषयक दोन निरनिराळ्या कायद्यांत, काही पर्यावरणाच्या अधिसूचनांत, तर काही स्थावर संपदा कायद्यात. त्यामुळे सामान्य खरेदीदाराला ‘नियम काय?’ या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही.

परवानगी कोणाची?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ हा या सर्वांचा पाया आहे. नगर परिषदेच्या हद्दीत अभिन्यास व बांधकामाची परवानगी नगर परिषद देते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत, गावठाणाबाहेरील शेतजमिनीवर ले-आऊट पाडायचा असेल तर प्रकरण महसूल यंत्रणेकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि नगररचना विभागाच्या अभिप्रायानंतर मंजुरी मिळते. ग्रामपंचायतीने दिलेला ‘ना हरकत’ दाखला म्हणजे ले-आऊटची मंजुरी नव्हे. हा फरक न कळल्यामुळे शहरालगतच्या गावांत अनेकांची फसगत होते.

राज्यात पूर्वी शहरागणिक वेगवेगळी विकास नियंत्रण नियमावली होती. २ डिसेंबर २०२० रोजी शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई महापालिका, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी यांसारखी गिरिस्थाने आणि आणखी काही अपवाद वगळता ती राज्यातील नियोजन प्राधिकरणांना व प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांना लागू आहे. महापालिकेतील ले-आऊट आणि शहरालगतच्या खेड्यातील ले-आऊट यांची मोजपट्टी बऱ्याच अंशी एक झाली, ही या नियमावलीची जमेची बाजू म्हणावी लागेल.

दहा टक्के खुली जागा

ले-आऊटमधील ‘बगीचा’ म्हणजे नियमावलीच्या भाषेत मनोरंजनाची खुली जागा. विकासाखालील जमीन ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर तिच्या दहा टक्के क्षेत्र अशा खुल्या जागेसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर. याहून लहान तुकड्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

दहा टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. पण हिशेब केला तर त्यामागचा मोह ध्यानात येतो. ४,००० चौरस मीटरचे दहा टक्के म्हणजे ४०० चौरस मीटर, सुमारे ४,३०० चौरस फूट. दीड हजार चौरस फुटांचे जवळजवळ तीन प्लॉट त्यात बसतात. पाच एकरांच्या ले-आऊटमध्ये हीच संख्या चौदाच्या घरात जाते. मंजुरी मिळवताना जी जागा नकाशावर ‘खुली’ म्हणून दाखवली जाते, तीच शेवटचे प्लॉट संपत आले की विकाऊ दिसू लागते. तक्रारींचा उगम बहुधा येथेच असतो.

म्हणूनच ही जागा कशी असावी, याबाबतही नियमांनी बंधने घातली आहेत. ती शक्यतो एकाच ठिकाणी असावी. तिच्यापर्यंत जाण्यास स्वतंत्र रस्ता असावा. इमारतीभोवती सोडावयाची सामासिक अंतरे तिच्यात धरता येत नाहीत. नाल्याच्या कडेची चिंचोळी पट्टी दाखवून दहा टक्क्यांचा हिशेब पूर्ण करता येऊ नये, यासाठी किमान रुंदीची व लांबी-रुंदीच्या प्रमाणाची अट असते. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत ही किमान रुंदी साडेसात मीटर होती आणि सरासरी रुंदी १६.६ मीटरपेक्षा कमी असल्यास लांबी रुंदीच्या अडीच पटीहून अधिक चालत नसे. आकडे नियमावलीगणिक बदलतात, हेतू तोच असतो. खुल्या जागेत क्रीडा किंवा करमणुकीसाठी मर्यादित बांधकामास वाव आहे. तथापि ले-आऊटधारकाच्या कार्यालयाला किंवा दुकानांच्या गाळ्यांना त्यात स्थान नाही.

प्लॉट विकल्यानंतर मालक कोण?

खरा प्रश्न मंजुरीनंतर सुरू होतो. सदनिकांच्या इमारतीत गृहनिर्माण संस्था स्थापन होते आणि सामाईक जागेची जबाबदारी घेणारे कोणी तरी उभे राहते. प्लॉटच्या ले-आऊटमध्ये तसे होत नाही. शंभर प्लॉटधारकांपैकी दहा जण घर बांधून राहायला येतात, उरलेले गुंतवणूक म्हणून प्लॉट धरून नागपूर, रायपूर किंवा पुण्यात असतात. संस्था नोंदवली जात नाही. सातबाऱ्यावर खुल्या जागेपुढे मूळ जमीनमालकाचेच नाव राहते. दहा-पंधरा वर्षांनी त्याचे वारस हिस्से मागू लागले की ‘बगीचा’ वादात सापडतो.

याबाबत न्यायालयांची भूमिका मात्र पुरेशी स्पष्ट आहे. पंडित चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद केला. अभिन्यास मंजूर झाला म्हणून उद्यानासाठी दाखवलेल्या जागेची मालकी आपोआप महापालिकेकडे जात नाही. परंतु मालकही ती मनमानेल तशी वापरू शकत नाही, तो त्या जागेचा केवळ विश्वस्त ठरतो. मुंबईत जुहू-विलेपार्ले विकास योजनेतील खुल्या भूखंडांचा वाद २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हाही मंजूर अभिन्यासातील खुल्या जागा खुल्याच राहिल्या पाहिजेत, हेच तत्त्व कायम ठेवण्यात आले. तामिळनाडूत तर मार्गच वेगळा आहे. चेन्नई महानगर क्षेत्रात १०,००० चौरस मीटरहून मोठ्या विकासासाठी दहा टक्के जागा बक्षीसपत्राने शासकीय यंत्रणेकडे सोपवावी लागते. या नियमाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळले.

विश्वस्त असणे आणि विश्वस्तासारखे वागणे यांत अंतर असते, याचा अनुभव विदर्भाला नवा नाही. नागपुरात ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ हे शब्दप्रयोग घराघरांत परिचित आहेत. मंजुरीविना पडलेल्या या वसाहती गुंठेवारी अधिनियम २००१ खाली नियमित करण्याची प्रक्रिया सुरू झाली. या कायद्याची मुदत मूळ १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वसाहतींपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुली झाली. नियमितीकरणाने रस्ते येतात, गडरलाइन येते, बँकेचे कर्जही मिळू लागते. परंतु जेथे खुली जागा मुळात सोडलीच नव्हती किंवा जेथे तिच्यावर घरे उभी राहिली, तेथे ती नंतर निर्माण करता येत नाही. फुलचूर, कुडवा किंवा शहराभोवतीच्या अन्य गावांतील प्लॉटधारकांनी नागपूरच्या या उदाहरणाकडे आताच पाहिलेले बरे.

ग्रामपंचायत हद्दीतील व्यवहार्य मार्ग म्हणजे ले-आऊटमधील रस्ते व खुल्या जागा रीतसर दस्ताने ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करून घेणे आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर होईपर्यंत पाठपुरावा करणे. एकदा जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली की तेथे निधी खर्च करता येतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये वृक्षलागवड व वृक्षसंवर्धन हे ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांच्या यादीत आहेच, शिवाय २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातही हरित आच्छादनाला गुण आहेत.

एकच झाड, दोन कायदे

ले-आऊट पाडताना पहिला घाव बसतो तो धुऱ्यावरच्या झाडांवर. येथे शहर आणि गाव यांच्या सीमारेषेला विलक्षण महत्त्व येते. नगर परिषदेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू असतो. त्याखाली स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही परवानगी लागते, मग ते झाड कोणत्याही जातीचे असो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. लावायचे रोप सहा ते आठ फूट उंचीचे असावे आणि त्याची सात वर्षे देखभाल व्हावी, असेही ठरले.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत मात्र झाडे तोडण्याबाबतचा १९६४ चा विनियमन अधिनियम लागू होतो. तो सर्व झाडांना नव्हे, तर अनुसूचीत नमूद केलेल्या जातींनाच संरक्षण देतो. साग, मोह, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, बीजा, हळदू, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ आणि खारफुटी अशी ही यादी आहे. तिच्यात कडुनिंब नाही, वड नाही, पिंपळही नाही. म्हणजे नगर परिषदेच्या हद्दीतील कडुनिंब तोडायचा तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. रस्ता ओलांडून गावाच्या शिवारात आले की १९६४ च्या कायद्याखाली त्याच जातीच्या झाडासाठी परवानगीची गरज उरत नाही. शिवारातील मोहाचे झाड तोडण्यास मात्र दोन्हीकडे परवानगी लागते. शहर गावात शिरलेले असताना कायदा वेशीवरच थबकावा, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे. हद्दवाढ झाली की १९७५ चा कायदा लागू होतो खरा. परंतु तोवर ले-आऊट पाडून झालेले असतात.

नवी झाडे किती लावायची, याची प्रमाणे निरनिराळी आहेत. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीने मनोरंजनाच्या खुल्या जागेच्या दर १०० चौरस मीटरला पाच झाडे आणि ज्या भूखंडाला अभिन्यासाची गरज नाही तेथे दर ८० चौरस मीटरला एक झाड, असे प्रमाण घातले. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते; त्या मंजुरीच्या अटींतही दर ८० चौरस मीटरला एक झाड हे प्रमाण आढळते. फुलचूरसारख्या ठिकाणचे बहुतेक ले-आऊट या मर्यादेच्या खूपच खाली असल्याने तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अकृषक वा अभिन्यास मंजुरीच्या आदेशातील अटी पाहाव्या लागतात. आदेशाचे पहिले पान सर्वजण वाचतात. अटी बहुधा पुढच्या पानांवर असतात.

भिंत किती उंच?

कुंपणभिंतीबाबतचा नियम बांधकामाच्या नियमांत जुना आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा असावा. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजता कुंपणभिंतीची उंची १.५ मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट असावी. २.४ मीटरपर्यंत, म्हणजे आठ फुटांपर्यंत भिंत नेता येते. परंतु वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा, जाळीचा किंवा गजांचा असला पाहिजे. कोपऱ्यावरील प्लॉटला अधिक कडक अट आहे. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फुटांपेक्षा उंच असता कामा नये. त्यावर आणखी ०.७५ मीटर गज लावता येतात. रुग्णालये, शिक्षणसंस्था, कारखाने, विद्युत उपकेंद्रे अशा वापरांसाठी २.४ मीटरपर्यंतची सवलत आहे.

यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा सुरक्षेचा विचार आहे. कोपऱ्यावरून वळणाऱ्या सायकलस्वाराला समोरून येणारा ट्रॅक्टर दिसला पाहिजे. गजांवर हिरवी जाळी किंवा पत्रे ठोकून घेण्याची पद्धत सर्वत्र बोकाळली आहे. त्यामुळे नियमाचा हेतूच नाहीसा होतो. एक अडचण मात्र घरमालकांची खरी आहे. उंची रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजायची, आणि सिमेंटच्या रस्त्यावर थरावर थर चढून ती मध्यरेषाच दर काही वर्षांनी वर जाते. पाच फुटांची भिंत पाहता पाहता चार फुटांची होते.

खासगीपणा हवा असेल तर भिंतीच्या आतल्या बाजूने झाडोऱ्याचा पडदा हा जुनाच आणि स्वस्त उपाय आहे. गोंदिया जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला, त्यामुळे घराच्या आवारात लावलेल्या बांबूच्या तोडणीचा व वाहतुकीचा जाच संपला. कोपऱ्यावरच्या प्लॉटला मात्र हे कुंपणही कमी उंचीचे ठेवणेच शहाणपणाचे.

बांधकाम चालू असताना

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २५ जानेवारी २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार, ज्या शहरांत धुळीचे प्रमाण मर्यादेबाहेर आहे तेथे बांधकामाभोवती इमारतीच्या उंचीच्या एकतृतीयांश, पण कमाल दहा मीटर उंचीचा वारारोधक आडोसा उभारावा लागतो. वाळू व माती झाकून ठेवावी लागते. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये याहून पुढे जाऊन ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या आणि एक एकरापेक्षा मोठ्या बांधकामांच्या सभोवती ३५ फूट, तर लहान भूखंडांवर २५ फूट उंच पत्र्यांचे कुंपण सक्तीचे केले. दुमजली घरांच्या वसाहतीत असा पत्रा कोणी मागणार नाही. मात्र रस्त्यावर टाकलेली वाळू ताडपत्रीने झाकण्यास अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

गोंदिया हा भातगिरण्यांचा जिल्हा असल्याने आणखी एक बाब येथे महत्त्वाची ठरते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांत उपलब्ध मोकळ्या जागेच्या किमान ३३ टक्के क्षेत्रावर हरित पट्टा करण्याची अट असते. गिरणीच्या शेजारी ले-आऊट पडत असेल तर कोंड्याची धूळ रोखणारा हा पट्टा गिरणीच्या बाजूने आहे की नाही, हे प्लॉट घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून यावे.

जुलैतील रोप, मेमधील काटकी

नियमांनी झाडांची संख्या ठरवली, परंतु झाड जगवण्याची हमी नियमाने मिळत नाही. पावसाळ्यात छायाचित्रासह लागवड होते. पूर्व विदर्भात पाऊस भरपूर असल्याने दिवाळीपर्यंत रोपे टवटवीत दिसतात. पुढच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, ले-आऊटमध्ये अद्याप वीज नाही, बोअरला मोटार नाही आणि पाणी घालणाराही नाही. पहिले दोन उन्हाळे निभावले तरच झाड उभे राहते. लागवडीइतकाच दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचा खर्च ले-आऊटधारकाकडून लेखी मान्य करून घेतला पाहिजे.

जातींची निवडही विचारपूर्वक व्हावी. झटपट हिरवा पडदा देतो म्हणून कोनोकार्पस देशभर लावला गेला. आरोग्य व पर्यावरणावरील दुष्परिणामांचे कारण देत गुजरातने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. या मातीत रुळलेली करंज, कडुनिंब, बहावा, जांभूळ, अर्जुन, कुसुम ही झाडे सावकाश वाढतात, पण टिकतात. जवळ बोडी किंवा मामा तलाव असेल तर त्या काठाला अर्जुन शोभतो. हे तलाव व बोड्या बुजवून ले-आऊट वाढवला जात नाही ना, हे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहून तपासता येते. विदर्भातील गावांचे सामाईक हक्क या दस्तांत नोंदलेले आहेत.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

रंगीत पत्रकाऐवजी शिक्का व स्वाक्षरी असलेला मंजूर नकाशा मागावा आणि त्यावरील खुल्या जागेचे क्षेत्र जागेवर मोजून पाहावे. नकाशा दाखवण्यास टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून संबंधित कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळवता येते. अकृषक आदेश व त्यातील अटी, खुल्या जागेचा सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी ही कागदपत्रे एकमेकांशी जुळली पाहिजेत.

ले-आऊटची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल तर तो स्थावर संपदा अधिनियम २०१६ खाली महारेराकडे नोंदवलेला असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात हे प्राधिकरण मे २०१७ पासून कार्यरत असून नोंदणीकृत प्रकल्पांची माहिती त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. या कायद्यात उद्याने व खेळाची मैदाने सामाईक क्षेत्रात गणली आहेत. कलम १४ नुसार दोन-तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीविना मंजूर अभिन्यासात बदल करता येत नाही आणि कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झाल्यास भरपाई मागता येते. म्हणजे ज्या रंगीत पत्रकावर विसंबून राहू नये असे वर म्हटले, ते फेकूनही देऊ नये. ‘बगीचा’ असे छापलेले ते पत्रक, त्यावरील तारखेसह, खरेदीखताच्या फाइलमध्ये जपून ठेवावे. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली अनधिकृत बांधकाम हटवण्याची नोटीस काढण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे. तक्रार करताना मंजूर नकाशाची प्रत, जागेची छायाचित्रे आणि सातबारा सोबत जोडावा. खुल्या जागेवर पायाचे खड्डे खोदले जात असतानाच हा अर्ज गेला, तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. स्लॅब पडल्यानंतर प्रकरण वर्षानुवर्षे लांबते.